सिलिकॉन नायट्राइडचा पहिला यंत्रभाग: निवडीपासून तपासणीपर्यंत

कागदावरचे आकडे पाहिले तर सिलिकॉन नायट्राइड हे सिरॅमिक पोलादाची जागा सहज घेईल असे वाटते. त्याची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ३.२ ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या जेमतेम ४० टक्के आहे. कठीणपणा बेअरिंगच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट आहे. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास गेले तरी त्याचे बळ बऱ्याच अंशी शाबूत राहते आणि दमट हवेत तो गंजत नाही. तरीही पोलादासाठी काढलेल्या ड्रॉइंगवर नुसते साहित्याचे नाव बदलून घडवलेला भाग बहुधा फुटतो. पदार्थ कमकुवत असतो म्हणून असे होत नाही. त्याच्याकडून धातूसारख्या वागणुकीची अपेक्षा केली जाते, म्हणून होते. हा भाग प्रथमच निवडणाऱ्या, आखणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या अभियंत्यांसाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. त्या याच क्रमाने घ्याव्यात, कारण पदार्थाची घडण नीट कळल्याशिवाय त्याची प्रत निवडता येत नाही आणि प्रत ठरल्याशिवाय आकार ठरवणे व्यर्थ आहे.

पायरी १: पदार्थाची घडण समजून घ्यावी

सिलिकॉनचे तीन आणि नायट्रोजनचे चार अणू असे या संयुगाचे सूत्र आहे. ते प्रथम १८५७ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, पण जवळजवळ शंभर वर्षे त्याचा अभियांत्रिकीत फारसा उपयोग झाला नाही. याचे मूळ त्याच्या रासायनिक बंधांत आहे. सहसंयुज बंध इतके घट्ट असतात की अणू जागचे सहजासहजी हलत नाहीत, त्यामुळे नुसती पावडर तापवून ती घट्ट गोळा होत नाही. तापमान आणखी वाढवावे, तर वितळण्याऐवजी ते विघटन पावते. एक वातावरण दाबाच्या नायट्रोजनमध्ये सुमारे १८५० ते १९०० अंशांच्या टप्प्यात ते पुन्हा सिलिकॉन आणि नायट्रोजनमध्ये मोडू लागते.

या अडचणीतून निघालेली वाट हीच या सिरॅमिकची खरी ओळख आहे. पावडरीत यिट्रिया, अॅल्युमिना किंवा मॅग्नेशिया यांसारखी ऑक्साइडे काही टक्के मिसळली जातात. पावडरीच्या प्रत्येक कणावर सिलिकाचा पातळ थर असतोच. भट्टीत ही ऑक्साइडे त्या थराशी मिळून द्रवरूप काच तयार करतात. सुरुवातीच्या पावडरीत बहुतांशी अल्फा रूप असते; ते या द्रवात विरघळते आणि अधिक स्थिर असलेल्या बीटा रूपात पुन्हा घट्ट होते. बीटाचे कण षट्कोनी काड्यांसारखे लांबट वाढतात आणि एकमेकांत अडकत जातात. भेग पुढे सरकू लागली की तिला या काड्यांना वळसा घालावा लागतो, काही काड्या भेगेच्या दोन्ही कडांना पुलासारख्या धरून ठेवतात, काही ओढून बाहेर काढाव्या लागतात, आणि या प्रत्येक कामात भेगेची ऊर्जा खर्ची पडते. सिलिकॉन नायट्राइडचा चिवटपणा इतर बहुतेक सिरॅमिकांपेक्षा जास्त असण्याचे कारण रसायनात कमी आणि कणांच्या या गुंफणीत अधिक आहे.

मात्र या उपायाची किंमत मोजावी लागते. भट्टी थंड झाल्यावर तो द्रव कणांच्या सीमांवर काचेच्या अत्यंत पातळ पापुद्र्याच्या रूपात शिल्लक राहतो. साधारण हजार ते बाराशे अंशांच्या पुढे ही काच मऊ पडू लागते, कण एकमेकांवरून सरकू लागतात आणि बळ उतरते. कोणत्या ऑक्साइडची किती मात्रा वापरली, यावर ही मर्यादा ठरते. म्हणूनच 'सिलिकॉन नायट्राइड' हे एका पदार्थाचे नाव नसून एका कुटुंबाचे नाव आहे, हे नवख्याने आरंभीच पक्के करावे. केवळ हे नाव लिहून मागणी नोंदवणे म्हणजे प्रत न सांगता 'पोलाद' मागवण्यासारखे आहे.

पायरी २: बनवण्याच्या पद्धतीवरून प्रत निवडावी

अभिक्रिया-बद्ध प्रकारात सिलिकॉनच्या पावडरीचा भाग घडवून तो साधारण १२०० ते १४५० अंशांना नायट्रोजनमध्ये तापवतात. सिलिकॉन नायट्रोजन शोषून घेतो, भागाचे वजन जवळपास दोन तृतीयांशाने वाढते, पण वाढलेले आकारमान कणांमधील पोकळ्यांतच सामावत असल्यामुळे बाहेरची मापे जवळजवळ तशीच राहतात. गुंतागुंतीचा आकार स्वस्तात मिळतो हा याचा मोठा गुण आहे. परंतु १५ ते २५ टक्के सच्छिद्रता उरते आणि वाकवून मोजलेले बळ साधारण २०० ते ३०० मेगापास्कलवर थांबते. भट्टीतील आधार, मुशी, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या नळ्या अशा कामांना तो पुरतो. भार वाहणाऱ्या फिरत्या भागांना नाही.

सिंटर केलेला, म्हणजे पावडर भट्टीत तापवून घट्ट केलेला, प्रकार वर वर्णन केलेल्या द्रवमार्गाने घट्ट होतो. भट्टीतील नायट्रोजनचा दाब काही दहा वातावरणांपर्यंत वाढवला की विघटन रोखले जाते आणि अधिक तापमान वापरता येते. यालाच गॅस-प्रेशर सिंटरिंग म्हणतात. अभियांत्रिकी भागांसाठी आज सर्वाधिक उपयोगी पडणारी प्रत बहुधा हीच आहे. या मार्गात भाग प्रत्येक दिशेने साधारण १५ ते २० टक्के आकसतो, त्यामुळे साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो आणि अचूक मापे अखेरीस घासूनच मिळवावी लागतात. हॉट प्रेसिंगमध्ये एकाच दिशेने दाब देत तापवतात. बळ उत्तम येते, पण आकार साधेच निघतात आणि गुणधर्म दिशेनुसार थोडे बदलतात. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगमध्ये हजार वातावरणांच्या वर वायुदाब सर्व बाजूंनी दिला जातो आणि उरलीसुरली छिद्रे मिटतात. बेअरिंगच्या उत्तम प्रतीच्या गोळ्यांसाठी हा टप्पा महत्त्वाचा आहे.

सायालॉन हा या कुटुंबातील जवळचा नातेवाईक आहे. त्यात सिलिकॉनच्या काही जागा अॅल्युमिनियम आणि नायट्रोजनच्या काही जागा ऑक्सिजन घेतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटन आणि जपान येथे तो स्वतंत्रपणे शोधला गेला. कापण्याची हत्यारे आणि वितळलेल्या धातूतील नळ्या या दोन कामांत त्याचा विचार आवर्जून करावा.

पायरी ३: गुणधर्मांचा तक्ता वाचायला शिकावे

चांगल्या, घट्ट सिंटर केलेल्या प्रतीसाठी पुढील आकडे सर्वसाधारणपणे आढळतात: वाकवून मोजलेले बळ ७०० ते १००० मेगापास्कल, फ्रॅक्चर टफनेस, म्हणजे भेग पसरण्याला होणारा विरोध, ६ ते ८ मेगापास्कल-रूट-मीटर, लवचिकतेचा गुणांक ३०० ते ३२० गिगापास्कल, विकर्स कठीणपणा १४०० ते १६००, आणि उष्णतेने होणारे प्रसरण दर अंशाला दशलक्षात सुमारे ३ भाग. साध्या प्रतींची उष्णतावाहकता २० ते ३० वॅट प्रति मीटर-केल्विन असते. इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांसाठी खास बनवलेल्या प्रतींत ती ८० ते ९० पर्यंत नेली जाते.

यांतील सर्वांत फसवा आकडा बळाचा आहे. समजा, एका प्रतीचे बळ ८०० मेगापास्कल आणि टफनेस ६ आहे. भेगेच्या साध्या सूत्रात हे आकडे घातले तर धोकादायक दोषाची लांबी सुमारे १८ मायक्रॉन निघते. केसाच्या जाडीपेक्षाही लहान असलेले एखादे छिद्र, बाहेरून आलेला कण किंवा घासताना पडलेली खोल रेघ भागाचे भवितव्य ठरवते. धातूत अशा दोषाच्या टोकाशी साहित्य थोडे वाहते आणि प्रतिबल पसरते; येथे ती सोय नाही. म्हणून बळ हा त्या पदार्थाचा स्थिर गुणधर्म मानू नये. त्या विशिष्ट तुकड्यातील सर्वांत वाईट दोषाचे ते माप असते.

यातूनच वायबुल मापांक समजतो. चांगल्या प्रतीत तो साधारण १० ते २० असतो आणि आकडा जितका मोठा तितके बळ एकसारखे. त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा की, ताण सहन करणारे आकारमान चाचणीच्या पट्टीपेक्षा शंभरपट मोठे असेल, तर मापांक १० असताना अपेक्षित बळ सुमारे ६३ टक्क्यांवर येते आणि मापांक २० असताना सुमारे ७९ टक्क्यांवर. तक्त्यातील बळ ३ गुणिले ४ मिलिमीटर छेदाच्या छोट्या पट्टीवर मोजलेले असते, ही गोष्ट मोठा भाग आखताना कधीही विसरू नये. पुरवठादार मापांक सांगत नसेल, तर सरासरी बळाच्या आकड्यावर फारसा विश्वास टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अचानक तापमान बदलण्याला हा पदार्थ किती तोंड देतो, हे हिशेबानेच पाहावे. बळाला एक वजा पॉयसन गुणोत्तराने गुणून, लवचिकतेचा गुणांक आणि प्रसरण यांच्या गुणाकाराने भागले की तापमानातील सहन होणारी उडी अंदाजे मिळते. सिलिकॉन नायट्राइडसाठी ८०० मेगापास्कल, ०.२७, ३१० गिगापास्कल आणि ३.२ हे आकडे घातले तर उत्तर सुमारे ५९० अंश येते. अॅल्युमिनासाठी ३५० मेगापास्कल, ०.२२, ३८० गिगापास्कल आणि ८ घेतले तर ते जेमतेम ९० अंश येते. प्रत्यक्षात उष्णता किती वेगाने काढली जाते यावर हे आकडे बदलतात, तरी दोघांमधील अंतर खरे आहे, आणि त्याचे मुख्य श्रेय अल्प प्रसरण व अधिक बळ या जोडीला जाते.

पायरी ४: आपले काम या पदार्थाला मानवते का, हे तपासावे

बेअरिंग हे त्याचे सर्वांत यशस्वी क्षेत्र आहे आणि ते बारकाईने पाहिले तर निवडीचे तर्कशास्त्र उलगडते. संकरित बेअरिंगमध्ये कड्या पोलादाच्या आणि गोळे सिलिकॉन नायट्राइडचे असतात. गोळे हलके असल्याने वेग वाढला तरी बाहेरच्या कडीवर केंद्रोत्सारी भार कमी येतो, घर्षणाची उष्णता कमी होते आणि वंगण अपुरे पडले तरी पोलादावर पोलाद चिकटण्याचा प्रकार होत नाही. शिवाय हा पदार्थ विद्युतरोधक आहे. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटारींत शाफ्टमधून बेअरिंगमार्गे जाणारा विद्युतप्रवाह कडीवर, गोळे फिरतात त्या खोबणीत, ठिणग्यांचे खड्डे पाडतो. सिरॅमिक गोळे ही वाटच बंद करतात. मशिन टूलचे स्पिंडल, विद्युत मोटारी आणि अमेरिकी स्पेस शटलच्या मुख्य इंजिनांचे टर्बोपंप अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी हेच गोळे पोहोचले, त्याला आणखी एक महत्त्वाचे कारण आहे: गोळा थकला तर तो शक्यतो तुकडे होऊन फुटत नाही, पोलादाप्रमाणे त्याच्या पृष्ठभागाची खपली निघते आणि कंपनातून आगाऊ सूचना मिळते. एक पथ्य मात्र पाळावे. गोळा पोलादापेक्षा ताठ असल्याने स्पर्शबिंदूवरील दाब तेवढ्याच भाराला सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो आणि तो सोसावा लागतो पोलादी कडीला. म्हणून जड, संथ आणि धक्क्यांच्या कामात संकरित बेअरिंग निवडण्यापूर्वी स्थिर भाराची मर्यादा पुन्हा तपासावी.

वितळलेले अॅल्युमिनियम या पदार्थाला जवळजवळ ओलावत नाही, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाला चिकटून पसरत नाही. लोखंडी नळी अॅल्युमिनियममध्ये हळूहळू विरघळते आणि धातूत लोह मिसळते. सिलिकॉन नायट्राइडची किंवा सायालॉनची नळी दीर्घकाळ टिकते. थर्मोकपलची आवरणे, बुडणाऱ्या हीटरची आवरणे आणि कमी दाबाच्या ओतकामातील उभ्या नळ्या यांसाठी तो उत्तम ठरतो. बुडवण्यापूर्वी नळी तापवून कोरडी करावी आणि वर जमलेला मळ लोखंडी सळईने ठोकून काढू नये. अशा नळ्या पुष्कळदा उष्णतेने नव्हे, तर हाताळणीत फुटतात.

करड्या बिडाचे वेगवान कातकाम हेही त्याचे हक्काचे क्षेत्र आहे. निकेलच्या उष्णतासह मिश्रधातूंसाठी सायालॉनची टोके वापरतात. साध्या पोलादासाठी मात्र ही हत्यारे घेऊ नयेत, कारण कापण्याच्या तापमानाला लोहाशी रासायनिक झीज वेगाने होते.

शक्ती-इलेक्ट्रॉनिक्समध्ये तांबे जोडलेल्या पातळ पट्ट्यांसाठी त्याचे महत्त्व वाढते आहे. अॅल्युमिनियम नायट्राइड उष्णता अधिक चांगली वाहतो, पण त्याचे बळ बरेच कमी असल्याने पट्टी जाड ठेवावी लागते. सिलिकॉन नायट्राइडची पट्टी ०.३२ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ चालते आणि तापण्या-निवण्याची आवर्तने कितीतरी अधिक झेलते. डिझेल इंजिनांचे ग्लो प्लग, नट वेल्डिंगमधील जागा धरणाऱ्या पिना, मणक्यातील रोपणे ही आणखी काही सिद्ध झालेली कामे आहेत. १९८५ मध्ये निस्सानने प्रवासी मोटारीच्या टर्बोचार्जरमध्ये याच पदार्थाचा रोटर आणला. हलक्या रोटरमुळे टर्बोचार्जर लवकर वेग पकडत असे.

नकार कोठे द्यावा हेही ठरवून ठेवावे. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि तप्त, तीव्र अल्कली त्याला खातात. तप्त खनिज आम्ले कणसीमांवरील काच पोखरू शकतात. कोरड्या गरम हवेत पृष्ठभागावर सिलिकाचा संरक्षक थर बनतो, पण अतिउष्ण वायूत पाण्याची वाफ असेल तर तोच थर वायुरूप होऊन उडत राहतो आणि भाग झिजत जातो. गॅस टर्बाइनच्या गरम भागांत हा पदार्थ अपेक्षेइतका रुळला नाही, त्यामागील हे एक मोठे कारण आहे.

पायरी ५: आकार सिरॅमिकच्या स्वभावाप्रमाणे आखावा

दाब सहन करण्यात हा पदार्थ ताण सहन करण्यापेक्षा कितीतरी सरस आहे. म्हणून भार शक्यतो दाबाच्या रूपाने भागात उतरेल अशी मांडणी करावी. आतल्या प्रत्येक कोपऱ्याला शक्य तितका मोठा रेडियस द्यावा, बाहेरच्या कडांना चॅम्फर द्यावा, जाडी एकदम बदलू नये, आटे काढणे टाळावे आणि भार एका बिंदूवर न टेकवता मऊ धातूच्या पातळ वॉशरमधून पसरवावा.

धातूशी होणारी जोडणी हा नवख्यांच्या बहुतेक अपयशांचा उगम असतो. पोलादाचे प्रसरण दर अंशाला दशलक्षात ११ ते १२ भाग, याचे सुमारे ३. सिरॅमिकची ५० मिलिमीटर व्यासाची कडी पोलादी शाफ्टवर घट्ट बसवली आणि दोन्ही २०० अंशांनी तापली, तर शाफ्ट कडीपेक्षा ०.०८ मिलिमीटरहून अधिक फुगू पाहतो. ही फुगवट कडीला ताणून फोडते. उलट, पोलादी कडी सिरॅमिक शाफ्टवर आकसून बसवली असेल तर सिरॅमिक दाबाखाली सुरक्षित राहते, पण तापल्यावर पकड सैल होते. म्हणून कामाच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही तापमानांना व्यतिकर, म्हणजे कडी आणि शाफ्ट यांच्या मापांतील घट्ट पकड देणारा फरक, किती उरतो, याचा हिशेब मांडल्याशिवाय फिट ठरवू नये. ब्रेझिंगसाठी, म्हणजे मिश्रधातू वितळवून सांधण्यासाठी, टायटॅनियम असलेला चांदी-तांब्याचा मिश्रधातू वापरतात, कारण टायटॅनियम नायट्राइडशी अभिक्रिया करून बंध घडवतो. सांधा मोठा असेल तर मध्ये मऊ धातूचा थर द्यावा.

पायरी ६: मागणी आणि तपासणी लिहून ठरवावी

सिंटर झालेला भाग हिऱ्याच्या चाकानेच घासता येतो आणि खर्चाचा मोठा वाटा तेथेच जातो. जी मापे खरोखर महत्त्वाची आहेत तेवढ्यांनाच काटेकोर टॉलरन्स द्यावा. बाकीचा आकार भट्टीपूर्वी, मऊ अवस्थेतच घडवून घ्यावा. घासण्याची दिशाही ड्रॉइंगवर लिहावी. चाकाच्या ओरखड्यांना समांतर अशा सूक्ष्म भेगा सर्वांत खोल असतात, म्हणून मुख्य ताण ओरखड्यांच्या दिशेनेच येईल असे पाहावे. ताण त्यांना आडवा आला तर बळ लक्षणीय घटते.

मागणीपत्रात घनता, किमान बळ, वायबुल मापांक, टफनेस आणि चाचणीची पद्धत असावी. खोलीच्या तापमानातील बळासाठी आयएसओ १४७०४ किंवा एएसटीएम सी ११६१, आणि बेअरिंग गोळ्यांच्या साहित्यासाठी आयएसओ २६६०२ किंवा एएसटीएम एफ २०९४ ही मानके उपलब्ध आहेत. मापांकासाठी साधारण ३० पट्ट्या मोडून पाहिल्या जातात. पाच-सहा पट्ट्यांवरून काढलेला आकडा स्वीकारू नये. पृष्ठभागावरील भेगांसाठी अतिनील प्रकाशात चमकणारे पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारे द्रव, वापरावे. भाग फुटल्यास माणसाला धोका असेल, तर प्रत्येक नग कामापेक्षा अधिक भाराखाली तपासून घ्यावा, म्हणजे मोठे दोष असलेले नग तेथेच गळून पडतात.

पायरी ७: भाग फुटलाच, तर तुकडे जपावेत

फुटलेला सिरॅमिक भाग आपल्या फुटण्याची कारणे पृष्ठभागावर लिहून ठेवतो. भेग जेथून सुरू झाली त्या जागेभोवती आरशासारखा गुळगुळीत पट्टा दिसतो, त्यापुढे धूसर कडे आणि मग बाहेर पसरत जाणाऱ्या खरबरीत रेघा. या रेघा मागे जुळवत गेले की मूळ दोष सापडतो: छिद्र, परका कण, घासण्याची भेग किंवा धातूच्या कडेने केलेला ओरखडा. पहिले दोन सापडले तर पुरवठादाराशी बोलावे; तिसरा सापडला तर घासकामाची पद्धत बदलावी; चौथा सापडला तर स्वतःच्या जोडणीकडे पाहावे. यासाठी सर्व तुकडे गोळा करावेत, फुटलेल्या कडा एकमेकींवर जुळवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण तेवढ्यानेही खुणा पुसल्या जातात, आणि प्रत्येक तुकडा मऊ कागदात वेगळा गुंडाळून, भागातील त्याची जागा व दिशा लिहून सूक्ष्मदर्शकाकडे पाठवावा.